गुलाबने दिलेली जागा

गणपती गेले की रत्नागिरीत माणसं माशांवर तुटून पडतात. श्रावणापासून तोंड बांधून बसलेली घरंच्या घरं पहिल्या रविवारी पिशव्या घेऊन बंदरावर उतरतात. त्या दिवशी गुलाब माझ्यासाठी एक सुरमई बर्फाखाली दडवून ठेवायची आणि कुणाच्या तरी हाती घरी धाडायची. यंदाही मी वाटण करून तयार होते. सुरमईचा पत्ता नव्हता. तिला चार शब्द सुनवावेत म्हणून फोन हातात घेतला, तर तोच वाजला. ज्या दवाखान्याच्या अपघात विभागात माझी सगळी नोकरी गेली, तिथली एक सिस्टर बोलत होती, माझ्याच हाताखाली शिकलेली. म्हणाली, गुलाबमावशींची केस आहे, लगेच या. गुलाब आणि अपघात विभाग यांचं नातं जुनं. कुणातरी रक्तबंबाळ पोराला रिक्षात घालून ती तिथे यायचीच, आणि मी निवृत्त झाल्यावरही मला बोलावून घ्यायची. मी वैतागून विचारलं, "आता कुणाला घेऊन आली?"

"तिने नाही आणलं, सिस्टर. तिलाच आणलंय."

मी पोचले तेव्हा ती स्ट्रेचरवर होती. डाव्या बरगडीखाली वार. पोटातून येणारं रक्त कुठल्या रंगाचं असलं म्हणजे काय समजायचं, हे मी नव्या मुलींना वर्षानुवर्षं शिकवलं. त्या दिवशी ते माहीत नसतं तर बरं झालं असतं. तिथे पुढे काय झालं ते सांगणारच आहे. पण आधी ही बाई कोण होती ते सांगायला हवं, कारण दुसऱ्या दिवशी पेपरात आलं ते एवढंच, की बंदरावर मासे कापणाऱ्या महिलेचा कामगाराने भोसकून खून केला. तेवढीच ती उरली तर तिला चालणार नाही. तिच्या शिव्या मला अजून ऐकू येतात.

आम्ही एका वाडीतल्या, एका शाळेतल्या. माझे वडील पोस्टात होते, तिचे खलाशी. मी बारकी, घाबरट, वेण्या ओढायला सोयीची. माझी वेणी ओढणाऱ्या एका मुलाच्या कानाला गुलाब अशी चावली होती की त्याची आई कानाला हळद लावून त्याला शाळेत घेऊन आली. मास्तरांनी गुलाबला छड्या मारल्या. ती रडली नाही, उलट त्या मुलाकडे बघून दात दाखवत होती. सातवीनंतर तिने शाळा सोडली, आईबरोबर बंदरावर बसायला लागली. मी नर्सिंगला गेले. पुढे लग्न होऊनही ती बंदरातच राहिली. नवरा लवकर गेला, मूल झालं नाही. सासूची मासे कापायच्या ओळीतली जागा मात्र तिला मिळाली, आणि बंदरावर जागा म्हणजे घरापेक्षा मोठी गोष्ट असते.

ही जागेची रीत सांगते, कारण सगळं तिच्यावरच येऊन थांबतं. आमच्या बंदरावर लिलावाच्या शेडच्या बाहेर बायकांची ओळ बसते. गिऱ्हाईक मासे घेतं आणि यांच्याकडून साफ करून, कापून नेतं. कुणाची जागा कुठली, हे कुठेही लिहिलेलं नाही, पण कुणी कुणाच्या जागेवर बसत नाही. बाळंतपणाला गेलेली, आजारी पडलेली, मुंबईला लेकाकडे गेलेली बाई आपल्या जागेवर बांबूची पाटी पालथी घालून जाते. ती परत येईपर्यंत त्या पाटीला कुणी हात लावत नाही. भांडणात एकमेकींच्या आयाबहिणी काढतील, एकमेकींचे केस उपटतील, पण पालथी पाटी उचलणार नाहीत. आणि एखादीने आपल्या जागेतली जागा कुणाला दिली, तर ती काढून घ्यायचा हक्कही तिचा एकटीचा.

गुलाबला एक भाऊ होता, धाकू. हूड, पण वाईट नव्हे. होळीच्या दिवसांत दोन बोटींच्या खलाशांत धक्क्यावर मारामारी झाली, आणि त्याने रागाच्या भरात समोरच्याच्या डोक्यात नांगराचा दांडा घातला. तो माणूस जागीच गेला. धाकू शिक्षा भोगून आला तेव्हा त्याचे केस पिकले होते. आमच्या बाजूला एक समजूत आहे, की ज्याच्या हातून माणसाचं रक्त सांडलं त्याचा हात जाळ्याला लागू द्यायचा नाही, दर्या उलटतो. त्यामुळे कुठल्याच तांडेलाने त्याला बोटीवर घेतलं नाही. तो रोज येऊन धक्क्यावर उभा राहायचा. बोट लागताना वरून दोर फेकतात, धक्क्यावर जो उभा असेल तो झेलतो आणि बांधतो. धाकू हात पुढे करून उभा असायचा आणि बोटीवरचे लोक दोर हातात धरून थांबायचे... दुसरं कुणी येईपर्यंत. एके दिवशी त्याने पुढे झेप घेऊन दोर पकडलाच. तर बोटीवरच्याने आपल्या हातातलं टोक पाण्यात सोडून दिलं. बोट वाहवली, धक्क्याला आदळली, फळी फुटली, आणि मग चार जणांनी मिळून धाकूला बर्फाच्या लाकडी खोक्यांनी मारलं. पुढल्या आठवड्यात त्याने आंब्यावर फवारायचं औषध घेतलं. मी ड्यूटीवर होते. नळी मीच घातली होती, तरी तो गेला. गुलाब माझ्यासमोर भिंतीला डोकं आपटत होती, आणि तिला धरायला गेलेल्या वॉर्डबॉयचा दात तिने पाडला.

त्यानंतर बरीच वर्षं ती नुसती मासे कापत राहिली. जास्त बोलायची नाही, म्हणजे तिच्या मानाने. मग एका दुपारी ती अपघात विभागाचं दार ढकलून आत आली. पाठीवर एक पोरगा घेतलेला, त्याच्या पोटाला स्वतःचा पदर गच्च बांधलेला, आणि पदरातून काय बाहेर येऊ बघत होतं ते मी इथे लिहीत नाही. तो संत्या. धक्क्यावर जुगारात झालेल्या मारामारीत त्याला सुरा लागला होता, पण त्याने आधी दुसऱ्याचा हात मनगटापासून जवळजवळ तोडला होता. तो वाचला. दुसऱ्याचा हात गेला. संत्या तेव्हा सोळा वर्षांचा असेल, म्हणून निरीक्षणगृहात गेला. गुलाब त्याला भेटायला जायची, तळलेले बांगडे घेऊन. मी तिला विचारलं, तुझा कोण लागतो तो? ती म्हणाली, कुणी नाही, पण सुटून आला की धक्क्यावर येऊन हात पुढे करून उभा राहील, तेवढं मला परत बघायचं नाही.

तो सुटून आला, आणि तसाच उभा राहिला. एकाही बोटीने घेतलं नाही. बाहेर कुठे नोकरी मागावी, तर जयगडपर्यंत जिथे जाईल तिथे पोलिसांचा दाखला मागतात. तेव्हा गुलाबने त्याच्या शर्टाला धरून त्याला ओढत आणलं आणि बायकांच्या ओळीत, आपल्या शेजारी, विळीवर बसवलं. बंदरावर हलकल्लोळ झाला. पुरुषाने समुद्रावर जावं, फार तर लिलाव करावा. खाली बसून खवलं काढणं हे बायकांचं काम. शिवाय हा असला, रक्ताचा हात असलेला. तिच्या डाव्या बाजूला येसूकाकी बसायची, वयाने आणि तोंडाने सगळ्यांत मोठी. तिने संत्याच्या अंगावर खवल्यांचं पाणी फेकलं. गुलाब उभी राहिली, कमरेला पदर खोचला, आणि सबंध बंदराला ऐकू जाईल असं म्हणाली, "जाळ्याला रगात चालत नाय ना तुमच्या? माझ्या पाटावर रगातच असतां. हयसर बसंल तो."

शेवटी येसूकाकीने अट घातली, की द्यायची ती तुझ्या जागेतली दे, आमची वीतभर सरकणार नाही. आणि दिलीस की त्याच्या चांगल्या-वाईटाचं ओझं तुझं. गुलाबने सासूची ऐसपैस जागा होती ती आक्रसून घेतली. पुढे संत्यामागून दुसरा आला, तिसरा आला. कुणी गांजा विकताना धरलेला, कुणी सावत्र बापाचं घर जाळलेला, कुणी हातखंब्याच्या नाक्यावर ट्रकवाल्याला लोखंडी पट्टीने फोडलेला. मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेच्या ताई तिच्याकडे यायला लागल्या. कोर्टाच्या तारखा, वकील, बाहेरून दहावीला बसवणं हे त्या बघायच्या आणि गुलाब पोरांना बसवून घ्यायची. तिची जागा इतकी अरुंद होत गेली की शेवटी तिला एक गुडघा वर घेऊन बसावं लागायचं. एखाद्या पोराला परत आत जावं लागलं, तर त्याच्या जागेवर ती पाटी पालथी घालायची, बाळंतिणीच्या जागेवर घालतात तशी. येसूकाकी थुंकायची, पण पाटीला हात लावायची नाही.

तिचं म्हणून जे काही शास्त्र होतं, ते विळीचं होतं. ओळीत सुरी आणायला तिने सक्त बंदी केली होती. मोठा मासा तोडायचा कोयता तिच्या मांडीखाली असायचा, पोरांना फक्त विळी. सुरी हातात असते. विळीचं पातं लाकडात बसवलेलं, जागचं हलत नाही, मासाच पात्यावर न्यावा लागतो. उकिडवं बसून लाकूड पायाने दाबून धरायचं. पाय काढला की विळी आडवी. म्हणजे कुणाच्या अंगावर जायचं झालं, तर आधी मासा टाकायचा, पाय काढायचा, गुडघ्यावर हात ठेवून उठायचं, आणि पातं राहतं खाली जमिनीवर. "राग उठून उभा ऱ्हवंपर्यंत मी त्याच्या झिंज्या धरतंय," असं ती मला सांगायची, आणि धरायचीही. तिच्या हाताखालचं एकही पोर असं नव्हतं ज्याने तिचा मार खाल्ला नाही. तिच्या पद्धती चांगल्या होत्या असं मी म्हणणार नाही. संस्थेच्या ताईही तिला सांगायच्या, मारू नका. ती होय म्हणायची आणि मारायची.

निल्या आला तेव्हा सतरा-अठराचा असेल. बारीक, गोरटेला, मान खाली. बापाने आईचा जबडा मोडला त्या संध्याकाळी त्याने बापाच्या पाठीत दोर कापायची सुरी खुपसली होती. बाप जगला. आई माहेरी निघून गेली ती गेली. निल्या निरीक्षणगृहातून सुटला आणि गुलाबने त्याला थेट आपल्या उजव्या हाताला बसवलं, जिथे पूर्वी संत्या बसायचा. संत्याला थोडं लागलं ते. पण गुलाबला कळत होतं की हा सगळ्यांत शांत आहे, म्हणून त्याला हाताच्या अंतरावरच ठेवायला हवं. वर्ष-दीड वर्षात त्याचा हात इतका बसला की गिऱ्हाईक त्याच्याकडूनच सरंगा कापून मागायचं.

मग एका सकाळी त्याचा बाप दारू पिऊन आला. मी तिथेच होते, पिशवी घेऊन उभी. त्याने मागून येऊन निल्याच्या मानेवर चापट मारली आणि सगळ्या गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, बायकांत बसून खवलं काढतोस होय रे. निल्याच्या हातातला बांगडा पडला. त्याचं तोंड पांढरं झालेलं मी बघितलं. त्याने पाय काढला, विळी आडवी पडली, तो अर्धा उठला असेल नसेल, गुलाबने उजव्या हाताने त्याचे केस धरून त्याला खाली दाबलं आणि डाव्या हाताने माशांच्या पाण्याची बादली बापाच्या तोंडावर उपडी केली. खवले, कल्ले, आतडी, सगळं. तो चाचपडत होता, तेवढ्यात तिने आपला बसायचा पाट उचलून त्याच्या गुडघ्यावर हाणला. मग येसूकाकीही उठली. निल्यासाठी नव्हे, तिला त्या माणसाच्या बायकोचा जबडा आठवला. ओळीतल्या बायकांनी त्याला लाथाबुक्क्यांनी असा तुडवला की मलाच मध्ये पडावं लागलं. मग गुलाबने निल्यासमोर ढोम्या माशांची अख्खी पाटी ओतली. तो ती संध्याकाळपर्यंत कापत बसला, खाण्याजोगं काही उरलं नाही इतके बारीक तुकडे करीत. तिने चहा मागवला, अर्धा स्वतः प्याली, अर्धा त्याला दिला.

हे मी सविस्तर सांगते आहे, कारण त्या दिवशी तिचं शास्त्र खरं ठरलं होतं. आणि तिनेच ते मोडलं.

त्याचं कारण संत्याचं लग्न. दाभोळकडचं एक स्थळ आलं होतं. मुलीच्या घरचे लोक आगाऊ न सांगता बंदरावर येऊन उभे राहिले आणि त्यांनी नवरामुलगा बघितला तो बायकांच्या ओळीत, लुंगी वर खोचून, विळीवर उकिडवा. त्याच्या जुन्या केसबद्दल त्यांना आधीच सांगितलेलं होतं, त्याला त्यांची हरकत नव्हती. पण हे बघून मुलीचा मामा हसला. नुसता हसला, आणि स्थळ मोडलं. गुलाबला ते हसणं इतकं लागलं की ती दोन दिवस बंदरावर आली नाही. माझ्याकडे ओट्यावर येऊन बसली. म्हणाली, रक्त मी धुऊन काढलं, पण बायकांत बसवलं ते काही धुता येत नाही. पोरांना उभं करायला हवं, टेबलाशी, मोठ्या शहरांतल्या दुकानांत कापतात तसं, अंगात एप्रन, हातात सुरी. मी म्हटलं, सुरी? ती म्हणाली, किती दिवस लहान मुलांसारखं त्यांच्यावर पहारा ठेवू, आता ती शहाणी झालीत, लोकांना विश्वास वाटायचा तर आधी मला वाटायला हवा. संस्थेच्या ताईंच्या मागे तिने लकडा लावला. त्यांनीही तिला एकदा विचारलं होतं, विळीवर बरं चाललंय ना? तर ती त्यांच्याशीच भांडली.

स्टीलची टेबलं आली. श्रावणात धंदा मंद असतो, तेव्हा पोरांनी शेडच्या एका बाजूला ती मांडली, नारळ फोडला. गुलाबने एकेकाच्या हातात स्वतः सुरी दिली, कुंकू लावून. नव्या साडीत होती. संत्याने छाती पुढे काढून मला सुरमईचे तुकडे करून दाखवले, सफाईदार, गोल. पोरं उभी होती आणि खरंच वेगळी दिसत होती. तिला किती अभिमान वाटत होता ते मी विसरणार नाही. बायकांची ओळ खाली बसून वर बघत होती. टेबलांमुळे एक झालं, पोरांच्यात आणि तिच्यात अंतर आलं. पूर्वी खांद्याला खांदा लागायचा. आता निल्या टेबलाच्या पलीकडे, आणि त्याच्यापर्यंत पोचायचं तर तिला वळसा घालून जावं लागायचं. तिचे गुडघे गेलेले होते.

गणपतीनंतरच्या त्या रविवारी निल्याचा बाप परत आला. या खेपेला तो प्यालेला नव्हता, असं बघणारे सांगतात. गर्दीतून वाट काढत टेबलापाशी आला, हसला आणि निल्याच्या कानशिलात लगावली. बस, एवढंच. निल्याला मासा टाकावा लागला नाही, पाय काढावा लागला नाही, उठावं लागलं नाही. तो उभाच होता आणि सुरी हातातच होती. गुलाब ओरडत टेबलाला वळसा घालून धावली, त्याच्या केसांना हात घालायला. पण केसांपर्यंत हात पोचायच्या आधी ती दोघांच्या मध्ये पोचली...

बाप पळाला. निल्या खाली बसला, अंगातला एप्रन काढून तिच्या पोटावर दाबून धरला आणि रिक्षा येईपर्यंत, रिक्षातही, दवाखान्याच्या दारापर्यंत त्याने तो हात काढला नाही. पोलिसांना त्याची बोटं सोडवावी लागली. हे सांगून लोक माझ्याकडे बघतात, जणू आता मी मऊ व्हायला हवं. मी झालेली नाही. त्याने माझी गुलाब मारली. त्याचा हात तिच्या पोटावर होता म्हणून मला त्याच्याबद्दल काही वेगळं वाटावं, इतकी मी मोठी नाही.

ती शुद्धीवर होती. मला बघून पहिलं वाक्य काय बोलली असेल? "सुरमई ऱ्हायली गो तुझी." मी तिला गप्प बस म्हणून दरडावलं, तिचा हात हातात धरला. हाताला माशांचा वास येत होता, तो तिच्या कातडीतच होता. ऑपरेशनची तयारी चालली होती, तेवढ्यात हवालदार जबाब घ्यायला आले. डॉक्टर म्हणाले, दोन मिनिटं. मला वाटलं, ही आता खोटं बोलणार. लागलं चुकून म्हणणार, पडले म्हणणार. पोरांसाठी ती पोलिसांशी वाटेल तेवढं खोटं बोललेली मी ऐकली होती. संत्याच्या वेळी तर तिने शंकराच्या पिंडीवर हात ठेवून शपथ घ्यायची तयारी दाखवली होती. हवालदारांनी विचारलं, कुणी मारलं? तिने मान त्यांच्याकडे वळवली, आणि एकेक शब्द ओढून काढल्यासारखी बोलली.

"मारलान निल्यानेच. त्याच्या बापाशीला मारीत होता, मी मधी आलंय. आन् सुरी त्याच्या हातात मी दिलेली. तां पन लिवा."

हवालदार थांबले. म्हणाले, मावशी, ते लिहायची गरज नाही. तिने माझा हात सोडला आणि त्यांच्या मनगटाला धरलं, होतं नव्हतं तेवढ्या जोराने, आणि ते लिहीपर्यंत धरून ठेवलं. मग तिला आत नेलं. ती बाहेर आली नाही.

तिच्या मागे आता प्रश्न पोरांचा होता. तिने कुणाला बसवलंय ते सगळ्या गावाला माहीत होतं, आणि आता सगळ्या गावाला ते दिसलंही होतं. तिचं तेरावं व्हायच्या आत बंदरावर बैठक बसली. असली पोरं पुन्हा ओळीत नकोत, असं सगळ्यांनीच सांगितलं, बोटवाल्यांनी, व्यापाऱ्यांनी, बायकांनी. सगळ्यांत जास्त ओरडली येसूकाकी. तिने एक टेबल स्वतः ढकलून धक्क्यावरून खाडीत घातलं. बाकीची टेबलं पोरांनी मुकाट्याने संस्थेच्या टेम्पोत चढवली. संस्थेच्या ताई टेम्पोच्या बाजूला उभ्या राहून रडत होत्या. मी संत्याला सांगितलं, निघा इथून, मुंबईला जा, कुठेही जा, इथे तुम्हाला कुणी जगू देणार नाही. मला हे मनापासून वाटत होतं. आणि खरं सांगायचं तर मलाही ती पोरं डोळ्यांसमोर नको होती. त्यांच्यापायी ती गेली, असंच माझं मन मला सांगत होतं.

दिवाळी झाली. मी बंदरावर पाऊल टाकलं नव्हतं. घरात मासे शिजले नव्हते. परवा सकाळी मात्र उठले आणि पिशवी घेतली, का ते मला नीट सांगता येणार नाही. लिलाव संपत आला होता. ओळ बसलेली होती. टेबलं होती तिथे आता बर्फाची खोकी. आणि ओळीत, जमिनीवर, लुंगी वर खोचून, विळीवर पाय ठेवून संत्या बसला होता. त्याच्या पलीकडे आणखी दोघे. मान वर न करता बांगडे साफ करीत होते. गिऱ्हाईक थोडं होतं, पण होतं. संत्याने मला बघितलं आणि बाजूच्या माशाला हात घातला.

संत्याच्या डाव्या हाताला गुलाबची जागा. तिच्यावर पाटी पालथी घातलेली. मेलेल्या बाईच्या जागेवर वर्षश्राद्धापर्यंत पाटी ठेवतात, ते मला माहीत होतं. मी तिच्यासमोर थोडा वेळ उभी राहिले. मग माझ्या लक्षात आलं की तिच्या आणि संत्याच्या मध्ये अजून एक पाटी पालथी आहे. तिच्या उजव्या हाताची जागा.

मी येसूकाकीला विचारलं, ही कुणाची? ती म्हातारी हलवा माशाचे पर कापत होती. तिने वर बघितलं नाही. मी पुन्हा विचारलं. माझा आवाज चढला असणार, कारण बाजूच्या बायका माना वळवून बघायला लागल्या. म्हटलं, त्या निल्याची पाटी इथे कोणी ठेवली? तुम्ही बैठकीत बोललात, टेबल खाडीत टाकलंत, आणि ही पाटी इथे कशी?

येसूकाकीने विळीवरचा पाय काढला नाही. पदराने नाक पुसलं.

"मी घातलंय," ती म्हणाली. "जागा गुलाबने दिलीन. काडायची तर तिनेच. ती कुठं हाय आता?"

मला त्या पाटीला लाथ मारायची होती. अजूनही मारायची आहे. तो कधी सुटेल, सुटला तर इकडे येईल का, मला ठाऊक नाही, आणि तो तिथे बसलेला मला बघवेल असंही नाही. येसूकाकीलाही बघवणार नाही, तिचा आवाजच सांगत होता. संत्याने एक लहानशी सुरमई साफ करून माझ्यापुढे धरली होती. ती मी पिशवीत घेतली. परत जाताना वाट ओळीच्या मधूनच होती. मी दोन्ही पाट्यांना वळसा घालून गेले.